ताईच्या मागे सेकंड गिअरमध्ये

नाही नाही, डावीकडे नाही मॅडम, सरळच घ्या — रोज सरळच जातो ना आपण? सेकंडमध्येच ठेवा. क्लचवरचा पाय काढा, किती वेळा सांगू... हां, असं. मैदानावर? जाऊ हो परीक्षेच्या मैदानावर. गाडी मागे घ्यायला काय लागतं, एका दुपारी शिकवतो. परीक्षा सोमवारी आहे, माहितीये मला, मी काय झोपलोय का इथे? पण मैदानावर कोणी मरत नाही मॅडम. खांब पडला तर आरटीओचे साहेब हसतात आणि पुन्हा उभा करतात. ती पुढे सायकल दिसते ना, निळ्या स्वेटरमधली बाई? तिच्या मागे राहायचं. ओव्हरटेक करायचं नाही. हॉर्नही वाजवायचा नाही — दचकते ती.

ओव्हरटेक कधी करायचं, ते सांगतो, ऐका. सायकलवरचं माणूस आत्ताच्या आत्ता आडवं पडलं, तरी त्याचं डोकं तुमच्या चाकाखाली येणार नाही, एवढी जागा असेल तेव्हा. दीड मीटर. तेवढी नसेल तर मागे राहायचं, मुकाट्याने, मागचा हॉर्न मारून मारून मेला तरी. सगळ्यांना हेच शिकवतो मी. आणि सगळे मान डोलावतात, अगदी तुम्ही आत्ता डोलावलीत ना, तश्शी. परीक्षेपर्यंत सगळे साधुसंत, आणि लायसन हातात पडलं की ये रे माझ्या मागल्या! म्हणून तर ते स्टिकर छापून घेतले — ‘सायकलला दीड मीटर जागा सोडा’ — पास झालेल्या प्रत्येकाच्या मागच्या काचेवर मी स्वतः चिकटवतो, साबणाचं पाणी लावून, एक बुडबुडा राहू देत नाही. आपल्याही मागे आहे की. उपयोग? अहो, वाचायला म्हणून लोक आणखी जवळ येतात! हसू नका, खरं सांगतोय. समोर बघा.

कोण म्हणजे? बाई आहे, सायकलवरून चाललीये. तुम्हाला काय करायचंय कोण ती? — बहीण आहे माझी. थोरली. झालं समाधान? हॉस्पिटलच्या चादरी धुते, दुपारच्या पाळीला जाते. आई गेली तेव्हा मी एवढासा होतो, हिनेच वाढवला मला, स्वतःचं लग्नबिग्न सगळं राहून गेलं. मागे एकाने उडवली तिला याच रस्त्यावर. उडवली म्हणजे काय, नुसता आरसा लागला त्याचा. गळ्याजवळचं हाड मोडलं. थांबला पण नाही मेला. हाड जुळलं हो, पण मान काही वळत नाही आता. मागून काय येतंय ते दिसतच नाही तिला. म्हटलं, ताई, बास झाली सायकल. तर म्हणते, रस्ता काय त्याच्या बापाचा आहे? आता बोला! बस तिकडे जात नाही, आणि दुपारी माझी ही शिकवणी. मग मी काय करायचं? कोणीतरी नको का तिच्या मागे? हो, तुमच्या वेळात करतोय, आहे मान्य, लाज वाटते मला. तुमच्या आधी तो औषधांच्या दुकानातला होता, त्यालाही इथेच फिरवला महिनाभर — गाडी मागे घेताना नापास झाला बिचारा.

नंबर? नंबर कुठला बघतेय ती, पडली होती रस्त्यात. तिने बघितलं ते... जाऊ दे. नाही, जाऊ दे म्हटलं ना. — मागची काच बघितली तिने. माझा स्टिकर होता मॅडम. जागा सोडा म्हणून. पडल्या पडल्या वाचला तिने. मला सांगितलं नव्हतं हो. मी रोज डबा घेऊन जायचो आणि तिच्या उशाशी बसून त्या ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो, तेव्हा एक दिवस म्हणाली, पुरे रे धाकट्या, तुझाच होता तो. माझाच! कोणता, ते देवाला ठाऊक. आता रस्त्यात कोणी ‘सर’ म्हणून हात केला ना, की मी आधी त्याच्या गाडीचा आरसा बघतो. काय उपयोग आहे सांगा या धंद्याचा? ओरडून ओरडून घसा बसतो माझा, आणि तयार काय होतं, तर हे.

वाजवू दे त्याला. तुम्ही हलू नका. रांग लागली तर लागू दे, आपल्या मागे ‘शिकाऊ’ लिहिलंय ना मोठ्ठं? सेकंड, सेकंड... अरे, हा निघाला की बाहेर — अरे ए! ए! — ब्रेक! मीच दाबला, घाबरू नका, माझ्याही पायाखाली आहे. पडली का? नाही. पाय टेकला तिने. चढली परत. हरामखोर, आपल्याला ओलांडून सरळ तिच्याच अंगावर घातली — काय?

काय म्हणालात? आपल्यामुळे? अहो, आपण मागे आहोत म्हणून तर... नाही, कसं शक्य आहे? आपण नसतो तर त्याला लांबूनच दिसली असती ती, हे खरं. आपल्या आड दिसत नाही, आणि आपल्यावर वैतागून तो... हो. ताईही हेच म्हणते. माझ्यामागे वरात नको काढूस म्हणते. मला वाटायचं, लाजते.

बाजूला घ्या. इंडिकेटर द्या, घ्या बाजूला, थांबवा. हॅण्डब्रेक ओढा. जाऊ दे तिला. — आपण थांबलोय हेसुद्धा कळायचं नाही हो तिला, मान कुठे वळतेय. चालली बघा. त्या वळणापलीकडे उतार आहे, आणि रस्ता अरुंद आहे. गेली. हे आणखी दोन गेले तिच्या मागे, बघितलंत, काय वेगात — आणि तो टेम्पो. काच खाली घ्या. इंजिन बंद करा आधी, वळणापलीकडचं काही ऐकू येत नाही. नाही, तुम्ही बोलू नका. जरा वेळ कोणीच बोलू नका.