वसतीला निघालेली लेक

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय पाळकसाहेब, व्यासपीठावर बसलेले मिशन दवाखान्याचे डॉक्टरसाहेब, धर्म वेगळा असूनही गुडीहत्नूरहून बंडी जुंपून आलेले माझे मित्र उद्धवराव, मंडळीतले वडीलजन, बंधू आणि भगिनींनो, आणि पुढच्या बाकावर मान खाली घालून बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती कुमारी चारुशीला, म्हणजे माझीच थोरली लेक, ख्रिस्ताच्या नावानं सर्वांना सलाम.

मला इथं उभं केलं ही पाळकसाहेबांची मेहेरबानी. तहसील कचेरीत पेशकार म्हणून साहेबांपुढं दरखास्ती वाचण्यात माझा जन्म गेला, त्यामुळं चार माणसांपुढं आवाज बसायचं काही कारण नाही. तरी उगाच लपवत नाही, मला भीती वाटते आहे.

पाहुण्यांसाठी थोडं सांगतो. नार्नूरच्या पलीकडं आपल्या मिशनची महारोग्यांची वसती आहे. तिथल्या नर्सबाईंचे यजमान सरकारी नोकर. या महिन्यात राज्यं नव्यानं मांडली गेली, किनवट मुंबई राज्यात गेलं, आपण आंध्र प्रदेशात आलो. यजमानांनी किनवटकडची नोकरी मागून घेतली आणि बाई बिऱ्हाडासकट तिकडं गेल्या. मागं जखमा धुवायला कोणी उरलं नाही. रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, कोणी जाईल का? अख्खी मंडळी आपापल्या चपला शोधायला लागली. आणि आमची चारुशीला उभी राहिली. दवाखान्यात नर्सिंग शिकलेली, समोर सगळं आयुष्य पडलेलं, आणि उभी राहिली!

राज्य बदलणार म्हटल्यावर कचेरीत सगळ्यांची पाचावर धारण बसली होती. तेलुगू आलं नाही तर घरी बसवतील, असं जो तो म्हणत होता. मीही घाबरलो होतो. पण ती भीती चहा पिताना चौघांत बोलून टाकता येत होती. ही कोणापाशी बोलणार?

अहो, पोरगी अजून वसतीला गेलीसुद्धा नाही, आणि मी जेवताना तिची बोटं पाहत बसतो. भाकरी मोडताना कशी वळतात, बघत राहतो. परवा तव्याला हात लागला आणि ती ओरडली, तर मला काय वाटावं? हायसं वाटलं! म्हटलं, दुखतंय अजून, बोटं बधिर झालेली नाहीत. लेकीला भाजलं म्हणून बरं वाटणारा बाप तुम्ही कधी पाहिलाय का? डॉक्टरसाहेब म्हणतात, नव्या गोळ्या आल्या आहेत, हा रोग असा सहजी लागत नाही. साहेब, तुमचं खरंच असेल. माझ्या डोक्याला पटतंसुद्धा, पण जीव ऐकत नाही त्याला काय करू?

आणि माझी दुसरी अडचण तर मंडळीला चांगलीच ठाऊक आहे. प्रथमफळाच्या सणाला पहिलं पीक देवाला वाहतात, त्याचा लिलाव मी पुकारतो. ज्वारीची कणसं येतात, भोपळे येतात, कोंबड्या येतात. कोणी किडकं वांगं आणलं की मी इथूनच गरजतो, 'देवाच्या घराला काय गुरांचा गोठा समजता? पहिलं आणा, चांगलं आणा!' हसू नका कौशल्याबाई, तुम्हांलाच म्हणालो होतो गेल्या साली. पण हे सगळं समोरच्या बाकावर बसून ऐकत माझीच पोरगी मोठी झाली. ती उभी राहिली त्या दिवशी घरी मी आवाज चढवला, 'मिशनकडं नर्सांचा दुष्काळ पडला काय? तूच काऊन?' तर म्हणते कशी, 'बाबा, मग किडकं पाठवायचं का?'

तिची आई चुलीपुढून म्हणाली, 'मंडळीत इतकी वर्सं वरडले नं तुमी? आता घरात काऊन वरडून राह्यले?'

आणि इकडं येणारा-जाणारा सांगत होता, 'पेशकारसाहेब, भाग्यवान आहात. स्वर्गात तुमचं मोठं प्रतिफळ ठेवलेलं आहे.' असेल हो! पण मला ते घेऊन काय करायचंय? मला माझी पोर पाहिजे, हातीपायी धड. माफ करा पाळकसाहेब, हे व्यासपीठावरून बोलायला नको होतं.

आता जे कोणाला माहीत नाही ते सांगतो. पाळकसाहेबांनी हार आणला आहे, पण निरोप अजून ठरलेला नाही. चारूनं मला शब्द दिला आहे, 'बाबा, तुमी मंडळीसमोर नाही म्हटलं तर मी उद्याच्या मोटारीत बसत नाही. पण घरात नाही, मंडळीसमोर म्हणा.' अशी आमची लेक! म्हणजे ती जाणार की राहणार, हे या क्षणापर्यंत माझ्या जिभेवर आहे.

नाही म्हणायला कारण पाहिजे म्हणून शनिवारी मी उद्धवरावांच्या बंडीतून वसतीला गेलो. पाणी खराब निघावं, खोलीला दार नसावं, काहीतरी सापडावं. उद्धवराव म्हणालेच, 'पेशकारसायेब, मुआयना करून राह्यले का?' तपासणी कसली! मी फाटकाशीच थांबलो. पाऊल आत पडेना.

आतून एक म्हातारी आली. देवकाबाई तिचं नाव. लोक आपल्याला भितात हे तिच्या इतकं अंगवळणी पडलेलं, की माझ्यापासून बरीच दूर आपणच थांबली आणि हात पदरात घेतले. मी म्हटलं, नवीन नर्सबाईचा बाप आहे. ती माझ्या तोंडाकडं पाहत राहिली. मग म्हणाली, 'दादा, तुमी लय भ्याले हाये. नका धाडू पोरीले. जिची बोटं हायेत ते बिनबोटाचीले पट्टी बांधते. चालते आमचं. मीच सांगतो पाळकसायबाले, आमाले नर्स नको म्हनून. तुमच्यावर बोल नाही येणार.'

बघा, हेच ऐकायला तर मी गेलो होतो! कारण मिळालं, तेही ठपका न येता. आणि मला तिथं फाटकाला धरून रडू कोसळलं. उद्धवराव साक्षीला आहेत. माझ्या पोरीची सगळ्यांत जास्त गरज त्या बाईला. तीच माझी भीती पाहून ती गरज सोडायला निघाली. ती आपल्या मंडळीतली नाही. तिला प्रतिफळाचं कोणी सांगितलेलं नाही. दुखणं अंगावर घेईल आणि मला मोकळं करील, बस्स. मी कसाबसा म्हणालो, 'बाई, पाळकसाहेबांना असं काही सांगू नका,' आणि बंडीत येऊन बसलो.

म्हणून माझी भीती गेली असं समजू नका. मला वाटायचं, विश्वास असला की भीती राहत नाही. माझी तर इंचभरही हललेली नाही. उद्या मोटार सुटेल तेव्हा मी काय करीन, मलाच ठाऊक नाही. पण त्या बाईचं दान घेऊन पोरीला घरी बसवलं, तर पुढं मी तिच्या बोटांकडं कोणत्या तोंडानं पाहू?

चारू, ये. वर ये इकडं. चारूची आई, तुम्हीही या, मला एकट्याला जमायचं नाही. डोकं पुढं कर बाई. हात ठेवू दे.

जा. तुझा बाप मंडळीसमोर म्हणतो आहे, जा.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि तुम्हां सर्वांचे मी मनापासून आभार मानतो. बोलण्याच्या ओघात कोणाचं मन दुखावलं असेल, कौशल्याबाईंचं तर नक्कीच, तर चूक पदरात घ्यावी. एकच विनंती आहे. मागच्या बाकांवर माझा शेवटचा शब्द ऐकू गेला नसेल, तर शेजाऱ्याला विचारा. मला पुन्हा म्हणायला लावू नका.