पाच वितींची सायकल

हॅलो?… हॅलो… कोन बोलतंय?… अवो, तुमीच?… हो, हो, मीच, चंद्रा. अगदी जवळनं येतोय आवाज. पडवीत बसून बोलताय असं वाटतंय… नाय, वरडत नाय मी… बरं, हळू बोलते.

हो, पोपटशेठच्या दुकानातच. गोमाभावजींनी निरोप दिला तशी दुपारपासनं दहिवलीला येऊन बसलेय. आवडी हाय ना संगं. गुळाच्या ढेपंवर नजर लावून बसलीय… बरी हाय. तुमी कुटं?… सायकलच्या दुकानात? दुकानात फोन हाय?… किती हायत सायकली?… छताला टांगल्यात? आनि पडत नाय त्या?… बाय बाय. आवडे, ऐकलंस काय, मुंबईत सायकली छताला टांगतात म्हने.

हां, बोला… घेतली?… अजून नाय ना, मंग ठीक. कंची बगताय?… काळी… मोठी… मधी नळी… अवो, ती मोरू दूधवाल्यासारखी झाली. बाप्याची. ती कशाला?… वाढत्या अंगाची? ऐका ना, वाढत्या अंगाचा फ्रॉक घ्यायचा असतो. फ्रॉक ढगळ झाला तर पोरगी पडत नाय… चपलांचं राहू द्या. चपलंत कापूस कोंबता येतो. सायकलीत काय कोंबू?

मामंजी काय बोलले ते गोमाभावजींनी सांगितलं ना?… मंग? कर्जतच्या हायस्कूलला पायी नाय पाठवनार, सायकल आली तर जाऊ दे. पन एकदा जरी गुडघे फोडून आली तर शाळा बंद. तुमचे वडील हायत, तुमीच जानता. बोलले म्हंजे बोलले. तिचे पाय भुईला टेकले पायजेत, बास. सगळी शाळा त्या टेकन्यावर हाय.

काय?… मापानंच बगितलीत?… हो, मीच पाठवलं होतं की माप. कंबरंपासनं टाचंपर्यंत पाच वीत. बरोबर… पाच वितीला तीच बसते? कशी बसंल?… थांबा. थांबा जरा. कुनाच्या वितीनं मोजलंत?… तुमच्या?

अवो, माझी वीत ती. माझी. तुमचा पंजा फावड्याएवढा… आता हसा. तुमच्या पाच विती म्हंजे तुमचीच कंबर आली की. मोजताना कळलं नाय तुमाला?… हां… काय म्हनालात?… वाटलं, झाली असंल पोरगी तेवढी?

…नाय, हाय, ऐकतेय… आनि दुकानदारालाबी सांगितलंत? तुमच्या कंबरंला पोरीची कंबर लागते म्हनून?… तुमाला तरी कसं कळनार. कधीमधी येता, तेबी रातीचे, निघता पहाटं. पोर आडवीच असते तवा. पन एवढी नाय वो वाढली. मी रोज बगते ना तिला. हाय तेवढीच हाय.

आता माप कसं सांगू? शेठ, टेप हाय काय तुमच्याकडं?… नाय म्हनतात, तराजू हाय… काय करू?… माझ्याजवळ उभी करू? बरं. आवडे, ये गं. पाठीला पाठ लाव. टाचा नको उचलू. शेठ, बगा जरा, हिची कंबर माझ्या कुटं येते?…

अवो.

ऐकताय ना?… कंबरंला कंबर. शेठ म्हनतात, सरळ रेघ… नाय, डोकं नाय, खांदेबी खालीच हायत अजून. पन पाय माझ्याएवढे. माझ्याएवढे वो.

मी रोज वेनी घालते तिची. पन बसवून घालते ना. अशी उभी कधी बगितलीच नाय. वितीनं मोजली तवाबी पाच तर पाच, पुढचं काय ध्यानातच आलं नाय. हे माझे पाय हिला कधी आले?… नाय, रडत नाय. नवल वाटतंय, दुसरं काय.

हो, तेच म्हनते, माझ्या मापाची बगा… तुमाला ठाऊक हाय माझं माप? कसं?… छातीला हात लावून दावलंत? बायको इथवर येते म्हनून? दुकानात, चार लोकांसमोर?… काय मानूस हा. इथं शेठ हसायला लागले बगा, त्यांना ऐकू गेलं.

कशी हाय?… मधी नळीच नाय? वाकवून खाली नेलीय… म्हंजे परकरबी अडकनार नाय. आनि सीट?… वर होते? कशी वर होते?… सैल करायची, वढायची, आवळायची. म्हंजे पोर वाढली की सायकलबी वाढते?… आवडे, सीट वाढते म्हने. फ्रॉकाला आतनं दुमड ठेवतो तशीच झाली की ही. कुनी लढवलं असंल वो हे डोकं.

चालवंल काय?… अवो, सांगायचं राहिलंच. परवा मी भरली कळशी घेऊन येत होते. समोरनं मोरूची सायकल आली. वर मोरू नाय. वर कोनीच नाय. नळीच्या खालनं एक पाय घातलेला, मुंडकं हँडलाच्या वर जेमतेम… हो, आपली आवडी. सायकल वाकडी, पोर वाकडी, अन् जातेय सरळ… कुनी नाय शिकवली. मोरू घरोघरी दूध मापत बसतो, तवर घ्यायची म्हने… वरडनार होते, ते राहूनच गेलं. ही माझ्या पोटातनं आली, खरंच वाटंना. ती लांब जाईस्तवर तशीच उभी, कळशी डोक्यावर. खाली ठेवली तवा मान अवघडलेली… मामंजींना नाय सांगितलं. तुमीबी सांगू नका.

घ्या मंग तीच… पडू कशी देईन? पैले दोन दिवस मी धरीन ना मागनं. मोकळ्या शेतात नेईन, सीट धरून पळेन… हो… हो… तिचं झालं की काय?… काय म्हनालात?… मी?

मी कशाला?… माझ्या मापाची हाय म्हनून काय झालं. मला चौथीतनं काढली, शाळा लांब म्हनून. तवा कुठली सायकल… नाय, लाजत नाय. मामंजी काय म्हनतील… अवो, पन खरंच टेकतील काय माझे पाय?… हॅलो?… फोनवाल्या बाई, जरा थांबा, मधी नका बोलू, एवढंच इचारते… हॅलो?… हॅलो?

तोडला फोन बाईंनी, शेठ. हा ठेवू ना असाच?

काय नाय गं. घेतली म्हनाले. तुझ्या मापाची. माझ्याबी… हसतेस काय? चल घरी… नाय, हात नको धरू. तू पुढं चाल. मला बगू दे.