पेट्रोलच्या काट्यावरचे महाराज

या मायबाप, जवळ सरकून बसा. नांदुऱ्याच्या गॅरेजमध्ये कानी पडलेली गोड गोष्ट सांगतो. त्या संध्याकाळी देऊळघाटला पुष्पांजलीचं पहिलं कीर्तन होतं. तिच्या आईच्या जुन्या गाडीतले मीटरचे दिवे गेलेले, आणि चावी वडिलांच्या, पंजाबरावांच्या मुठीत.

“मीटर दिसल्याशिवाय चावी भेटणार नाही. अंधारात वापस कशी येशीन?”

“लागले काका, सारे बल्ब नवे! पाहा, दिवाईवानी उजेड पडला!” मिस्त्री अश्वजित ओरडला.

“मंग पेट्रोलचा काटा काऊन दिसत नाही बे?”

“त्याच्यावर गजानन महाराजांचा फोटो चिकटवेल हाय. काढू?”

“हात नको लावू! हिच्या मायनं, माह्या आशानं लावला तो. जित्ती होती तवर त्याच्याच भरोशावर गाडी चालवे.”

“बाबा, मी काढते. महाराजांइले वर आरशापाशी बसवते. तिथून त्याइले रस्ताबी दिसन.”

पुष्पांजलीनं हात जोडले आणि नखानं फोटो अलगद सोडवला.

“अवं माय! काटा तं पार तळाले!” पंजाबराव वाकून पाहत म्हणाले.

“पाह्यलं बाबा? दिसलं म्हणून समजलं! द्या आता चावी.”

“घे माय, घे! पहिले पंपावर, मंग देऊळघाट. अन् मीबी येतो, टाळ धराले!”

मायबाप, पुष्पांजलीचं कीर्तन ऐकाल, तेव्हा आशाबाईंचीही आठवण असू द्या.