फोटोत काळे मणी नव्हते

जबाब
दिनांक ३०/११/१९८६, रविवार, दुपारी

माझे नाव माणिक शिवदास धुरी, वय २१ वर्षे, राहणार नदीकाठची चाळ, दहिसर. धंदा फोटोग्राफी असा लिहा म्हटले. त्याचे पैसे मिळतात का असे विचारले. नाही म्हटले. धंदा – काही नाही.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी वरील पत्त्यावर आईवडिलांसोबत राहतो. वडील गिरणीत होते, संपानंतर दिंडोशीला एका कॉलनीत वॉचमन आहेत. मी एस.वाय.बी.कॉम.ला असताना सरांशी शब्दाला शब्द वाढला म्हणून कॉलेज सोडले. मामाने मस्कतहून आणलेला याशिका कॅमेरा माझ्याकडे आहे. कुठे काही असले की मी तो घेऊन जातो. वाकोल्याची दहीहंडी, बोरिवलीचे कबड्डीचे सामने, घाटकोपरला सायकलची शर्यत, मुलुंडच्या एका शाळेचे गॅदरिंग. कुठेच काही नसेल तर तबेल्यातल्या म्हशी. म्हशींचे फोटो कोण घेतो असे हवालदार साहेबांनी विचारले. कोणी घेत नाही.

आमच्याच चाळीत बाळा दशरथ घाडी राहतो. तो माझा शाळेपासूनचा दोस्त आहे. ज्या फोटोवरून हे सगळे झाले त्यातली मुलगी त्याची धाकटी बहीण. तिचे नाव जबाबात घालू नका, अशी मी विनंती केली. भावाचे लिहिले, बापाचे लिहिले, चाळ लिहिली, आता बहीण कोणाला कळणार नाही होय, असे साहेब म्हणाले. तरी 'सदर मुलगी' असे लिहिण्याचे त्यांनी मान्य केले.

सदर मुलीशी माझे काही आहे का, असे विचारल्यावरून सांगतो की तसे काही नाही. मी तिला कधी काही विचारलेले नाही. तीही मला कधी काही बोललेली नाही. माझ्या पिशवीतले फोटो साहेबांनी टेबलावर पसरून पाहिले. कबड्डीच्या फोटोत खेळाडू अर्धे कापलेले आणि मागच्या गर्दीत सदर मुलगी एकदम स्पष्ट, हे कसे, असे विचारले. फोकस चुकला. दहीहंडीच्या फोटोतही हंडी नाही, खालच्या बायकांत ती आहे. बाळा तिला आणि चाळीतल्या बायकांना घेऊन यायचा, मी काय करणार. तिथेही फोकस चुकला. साहेब हसले. यावर मी टेबलावर हात आपटला. त्याबद्दल माफी मागितली.

यंदा गौरी आल्या त्या दिवशी मी नदीवर होतो. आमच्यात कुमारिका नदीवरून तेरड्याची गौर आणतात. गौर घरात टेकेपर्यंत बोलायचे नाही आणि मागे वळून बघायचे नाही, अशी रीत आहे. मला ती माहीत होती. रोलमध्ये एकच फोटो उरला होता आणि सदर मुलगी गौर घेऊन पाठमोरी चालली होती. मी तिला नावाने हाक मारली. तिने वळून पाहिले. तेवढ्यात मी फोटो काढला. ती काहीच बोलली नाही, तशीच पुढे गेली. तिची आई शेवंतीकाकी मात्र ओरडली, "हाक कित्याक मारलंस रे मेल्या? आता गौर कशी लाभतली?" मी हसलो होतो.

सदर फोटो ब्लॅक अँड व्हाइट आहे. काढला तेव्हा तिच्या गळ्यात काही नव्हते. हे मी शपथेवर सांगतो.

स्टेशनजवळ मार्तंड गुप्ते यांचा फोटो स्टुडिओ आहे. माझे रोल तिथेच धुतात. बोरिवलीला फोटोंची स्पर्धा होती, त्यासाठी मी या फोटोची मोठी कॉपी काढायला दिली. निगेटिव्ह राहू दे इथेच, परत लागेल, असे गुप्ते म्हणाले म्हणून ठेवली. स्पर्धेत नंबर आला नाही. मी निगेटिव्ह परत आणायला गेलो नाही.

परवा शुक्रवारी मी स्टुडिओवरून जात असताना तो फोटो शोकेसमध्ये दिसला. गुप्त्यांनी कारागिराकडून तो रंगवून घेतला होता. साडी पिवळी, बांगड्या हिरव्या, आणि गळ्यात काळ्या मण्यांचे मंगळसूत्र, खाली दोन वाट्या. तुळशीचे लग्न होऊन सीझन सुरू झाला आहे, लग्नाच्या ऑर्डरी याव्यात म्हणून हे केले, असे ते नंतर म्हणाले. मी काचेसमोर बराच वेळ उभा होतो. आत जाऊन तेव्हाच हरकत का घेतली नाही, असे विचारले. शनिवारीही मी तिथे गेलो होतो. शनिवारीही आत गेलो नाही.

सदर मुलीचे घाटकोपरला जुळत आले होते. हे मला ठाऊक होते. आज सकाळी तिकडची मंडळी बोलणी पक्की करायला आली. स्टेशनवरून चालत येताना त्यांनी शोकेस पाहिली. घाड्यांकडे त्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला आणि निघताना मुलाच्या मामाने विचारले, "मुलीचं आधी कुठं झालं होतं काय? असेल तर सांगून टाका, आमचं काही म्हणणं नाही." मग उठून गेले. हे मला बाळाने सांगितले. सांगताना त्याने माझी कॉलर धरली होती.

बाळा म्हणाला, "तुला बघवत नाही ना तिचं कुठं जुळलेलं? मग सरळ येऊन बोलायचं होतंस ना माझ्याशी. हे असलं रंगवून लावायचं?"

मी म्हटले, "आईशप्पथ बाळ्या, मी नाय रंगवलं."

"मग कोणी? फोटो कोणाचा? हाक कोणी मारली?"

मी सांगितले की निगेटिव्ह आहे. निगेटिव्हमध्ये सगळे उलटे दिसते. काळे मणी खरेच असते तर ते पांढरे उमटले असते. तिचा गळा त्यात सलग काळा आहे, एकही पांढरा ठिपका नाही. उजेडात धरले की कोणालाही कळेल. यावर त्याने कॉलर सोडली. म्हणाला, "पाव्हणे अजून प्लॅटफॉर्मवर असतील. आण जा. मी थांबवून धरतो त्यांना. धाव."

मी धावत स्टुडिओत गेलो. गुप्ते गिऱ्हाइकाशी बोलत होते. मी ओरडलो, "मालनचा फोटो आधी खाली काढा आणि निगेटिव्ह द्या." ते म्हणाले, "अरे बस जरा, काय झालं? देवीसारखी दिसतेय पोरगी. लोक थांबून बघतात." शोकेसची किल्ली कारागिराकडे आहे, तो जेवून येईल तेव्हा बघू, असेही म्हणाले. मी गिऱ्हाइकाचे स्टूल उचलून काचेवर मारले. काच फुटली. ती मीच फोडली.

वरील मजकुरात सदर मुलीचे नाव आले आहे ते खोडावे, अशी मी विनंती केली. तूच बोललास म्हणून लिहिले, जबाबात खाडाखोड चालत नाही, असे साहेबांनी सांगितले.

काच फुटल्यावर गुप्त्यांनी घाबरून खणातून पाकीट काढले. "घे बाबा, पण कडेला धर, मध्ये बोट लावू नको," असे ते म्हणत होते. मी पाकीट हिसकावले. निगेटिव्हची पट्टी घसरून काचांत पडली. गुप्ते ती उचलायला वाकले, मी त्यांना ढकलले. ढकलताना माझा चपलेचा पाय पट्टीवर पडला. मी ती उचलून रस्त्यावर आलो आणि उजेडात धरली. तिचा चेहरा नीट आहे. गौर नीट आहे. काचेचे चरे गळ्यावरून गेले आहेत. चरा गेला तिथली फिल्म खरवडली जाते आणि उजेडात पांढरी दिसते. गळ्याभोवती पांढऱ्या रेघा आणि ठिपके आले आहेत.

मी तशीच ती स्टेशनवर नेली. बाळाने मंडळींना निगेटिव्हचे समजावून एक गाडी सोडायला लावली होती. मुलाच्या मामाने पट्टी उजेडात धरली आणि ते मला म्हणाले, "पांढरं दिसलं तर मणी खरे, असंच ना?" बाळाने माझ्याकडे पाहिले. मी चऱ्यांबद्दल सांगू लागलो. मुलाचा बाप म्हणाला, "राहू दे हो, गाडी आली." ते चढले. नंतर गुप्ते पोलिसांना घेऊन प्लॅटफॉर्मवर आले. मी पळालो नाही.

गुप्त्यांना मी जे ढकलले ते मला मान्य आहे. काच भरून देईन. गुप्त्यांनी एवढेच लिहून द्यावे की मंगळसूत्र त्यांनी रंगवले. ते म्हणतात, तोंडी सांगेन, लिहून देणार नाही, उद्या उलटे माझ्यावरच यायचे. तोंडी कोणाला सांगणार, मंडळी घाटकोपरला पोचलीसुद्धा असतील.

फोटो आणि निगेटिव्ह पंचांसमक्ष जप्त केली आहे. पंचनामा मला दाखवला. त्यात 'एका विवाहित स्त्रीचा रंगीत फोटो, गळ्यात मंगळसूत्र' असे लिहिले आहे. मी म्हटले, साहेब, विवाहित नाही, ते रंगवलेले आहे, तसे लिहा. पंचांना जे दिसले ते पंचांनी लिहिले, तुझे म्हणणे तुझ्या जबाबात येईल, असे सांगितले. मी ब्रश मागितला. रंग पाण्याने पुसला तर निघेल म्हटले. मुद्देमालाला हात लावता येत नाही. फोटो तिच्या आईला द्या, नाहीतर इथेच जाळा, असेही मी म्हटले. तो कोर्टात जाईल. केस संपेपर्यंत तिथे राहील. तोवर दर तारखेला काढून दाखवतील का, असे मी विचारले. लागला तर दाखवतील.

हाच तो फोटो आणि तो मीच काढला, याची ओळख म्हणून त्याच्या पाठीवर माझी सही घेतली आहे. शाई पुढच्या बाजूला उमटू नये म्हणून मी हलक्या हाताने केली.

हा जबाब मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. दार उघडे होते. बाळा आणि शेवंतीकाकी बाहेर बाकावर बसली आहेत. नाव येते तिथे हळू वाचा असे मी म्हटले होते. त्यांना सगळे ऐकू गेले. जबाब मी बोललो तसाच लिहिला आहे, त्यात चूक नाही.

समक्ष,
सही – माणिक शिवदास धुरी