अठ्ठेचाळीस निळ्या पट्ट्या

हॅटर क्रीक शेरीफ ठाणे
बुधवार, १६ ऑक्टोबर २०२४. सकाळी १०.२० वाजता लिहिण्यास सुरुवात.

मी, डेल्बर्ट रे हास्किन, वय ६४ वर्षे, धंदा गांजाची परवानाधारक लागवड, त्याआधी एकोणीस वर्षे लाकूडतोड, राहणार ११४०, टारवीड रिज रस्ता, आज पत्नी नोरीन हिच्यासोबत, कोणी बोलावले नसताना, स्वतःहून ठाण्यात येऊन सांगतो की,

वरील पत्त्यावर मी व नोरीन दोघेच राहतो. १९९९ साली कामावर असताना तोडलेल्या झाडाचे खोड माझ्या पाठीवर आले. तेव्हापासून कमरेखाली मला काही कळत नाही व मी चाकाच्या खुर्चीत असतो. अपघातानंतर दोन वर्षे मी घराबाहेर पडलो नाही. २००१ साली मार्च महिन्यात माझ्या लाकूडतोडीच्या जुन्या टोळीतले सहा जण न विचारता आले आणि रेडवुडच्या फळ्यांचे दोन मोठे उंच वाफे परसात बांधून गेले. वाफ्याची उंची तीस इंच, म्हणजे खुर्चीत बसल्यावर माझ्या कोपराइतकी. लांबी सोळा फूट. रुंदी पाच फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी माझा हात मध्यापर्यंत पोचतो. तळाला तारेची जाळी, कारण आमच्याकडे घुशींसारखे गोफर जमिनीखालून येऊन मुळे खातात. दोन वाफ्यांच्या मध्ये खुर्ची वळेल एवढी खडीची वाट. पहिल्या वर्षी नोरीनने त्यात टोमॅटो लावले आणि "पाणी तू घालायचंस, मला वेळ नाही," असे मला सांगितले. तिला वेळ होता. पुढे असे बारा वाफे झाले.

गांजा मी २००३ पासून लावतो, आधी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, २०१९ पासून राज्याच्या परवान्यावर. एका वाफ्यात चार झाडे, एकूण अठ्ठेचाळीस. शेंडा हाताबाहेर जाऊ नये म्हणून झाड कोवळे असतानाच फांद्या आडव्या वळवून जाळीत ओवून घेतो. प्रत्येक झाडाच्या बुंध्याला सरकारी क्रमांकाची निळी पट्टी आहे. वाफ्यांतली माती मी तेवीस वर्षे बनवत आलो आहे. पानांचे खत, कोंबडीखत, मासळीचे खत, शिंपल्यांचा चुरा. माती बाजारात विकत मिळते असे मला या प्रकरणात तीन जणांनी समजावून सांगितले आहे. त्यांची नावे मी येथे देत नाही.

मंगळवार, १ ऑक्टोबर रोजी सकाळी ६.४० वाजता नोरीन रक्त तपासायला गाडी घेऊन गावात गेली. मी सात नंबरच्या वाफ्याशी होतो. माझ्या हातात भिंग होते. तुऱ्यांवरची राळ दुधाळ असते ती पिवळसर होऊ लागली की काढणी धरायची. माझ्या हिशेबाने नऊ दिवस बाकी होते. ७.१० च्या सुमारास फाटकाकडून तीन मोठ्या गाड्या आल्या. फाटकाला कुलूप नव्हते, नुसती कडी होती. तरीही त्यांनी कडीचा खांब मोडला. त्याच खांबावर काचेच्या चौकटीत माझा परवाना लावलेला आहे आणि त्याच्या वर एक फूट उंचीच्या आकड्यांत ११४० असे रंगवलेले आहे. रंग यंदाच दिला आहे.

याच ठाण्याचे एकूण नऊ जण होते. सगळ्यांकडे बंदुका होत्या. पुढे सार्जंट प्रुएट होते. त्यांचे नाव मला तेव्हा माहीत नव्हते. ते ओरडले, "हात वर. जमिनीवर पालथा पड."

मी हात वर केले. मी म्हणालो, "हात वर आहेत. खाली पडता येत नाही. पाय नाहीत मला."

ते म्हणाले, "पाय दिसतायत मला. उतर खाली."

मी म्हणालो, "दिसतात, पण चालत नाहीत. पंचवीस वर्षं झाली."

ते म्हणाले, "नाटकं नकोत. तिघं जा रे, उतरवा त्याला."

त्यावर तीन जणांनी मला काखेत धरून खुर्चीतून ओढले आणि खडीवर पालथे घातले. एकाने पाठीवर गुडघा ठेवला. हात मागे बांधले. त्या वेळी माझ्या शरीराला जोडलेली लघवीची पिशवी सुटली. याविषयी मला अधिक काही लिहून द्यायचे नाही.

मी ७.१५ पासून ८.०५ पर्यंत त्याच स्थितीत होतो. वेळ मला माहीत आहे, कारण घरातला रेडिओ चालू होता आणि मधल्या बातम्या मी पूर्ण ऐकल्या.

या काळात त्यांनी अठ्ठेचाळीस झाडे बुंध्यापासून कापली. बुंध्याच्या पट्ट्या खाली पडत होत्या व त्यावरून बूट जात होते. झाडे गाडीत भरली. नंतर सार्जंट प्रुएट म्हणाले, "एवढे उंच वाफे कशाला बांधेल कोणी? खाली काहीतरी पुरलेलं असणार. फोडा." मी जमिनीवरून सांगितले की उंच कशाला ते खुर्चीकडे बघा म्हणजे समजेल.

एका उंचपुऱ्या, चाळिशीतल्या माणसाने माझ्याच पडवीतली साखळीची करवत आणली व एक नंबरच्या वाफ्याच्या फळीला लावली. ही त्या सहा जणांनी लावलेली फळी. माझे डोके त्याच बाजूला होते. तो पात्याचे टोक आधी टेकवत होता. तसे केले की करवत उसळून मागे येते आणि मानेवर बसते. आमच्या टोळीतला एक जण तसाच गेला. मी ओरडून म्हणालो, "ए, टोक लावू नकोस. पोट लाव पात्याचं. आणि डावा अंगठा दांड्याखाली घे, नाहीतर मरशील."

त्याने माझ्याकडे पाहिले. अंगठा खाली घेतला. मग त्याने माझा वाफा कापला.

अशा रीतीने बारापैकी नऊ वाफ्यांच्या फळ्या कापल्या. माती वाटेवर आली, काही माझ्या अंगावर आली. मातीत काहीही पुरलेले सापडले नाही. गांडुळे सापडली.

आठच्या सुमारास एका स्त्री कर्मचाऱ्याने खाली पडलेली एक पट्टी उचलून पाहिली व म्हणाली, "सार्जंट, या सरकारी पट्ट्या आहेत."

ते म्हणाले, "छापून मिळतात हल्ली."

ती म्हणाली, "फाटकावर परवानाही आहे. आणि आपल्या झडतीच्या कागदावर चौदाशे दहा लिहिलंय. हे अकराशे चाळीस."

सार्जंट प्रुएट यांनी कागद पाहिला, फाटकापर्यंत चालत जाऊन आकडे पाहिले व परत आले. दोघांनी मला उचलून खुर्चीत बसवले. खुर्चीचे डावे चाक वाकले होते. सार्जंट म्हणाले, "बघा आजोबा, गैरसमज झाला. कोणाचाही होऊ शकतो. आमचीही सकाळ वाया गेलीच ना."

मी ओल्या कपड्यांत होतो.

त्यांनी एक छापील कागद माझ्यापुढे धरला. जागेची पाहणी मालकाच्या संमतीने झाली, असे त्यात होते. मी सही केली नाही. ते म्हणाले, "मर्जी तुमची. पण मग भरपाईला वेळ लागेल." ८.२५ ला गाड्या गेल्या. माझी झाडे त्यांनी परत ठेवली नाहीत. पुरावा म्हणून नोंद झाली आहे, असे जाताना सांगितले. कशाचा पुरावा, हे मी विचारले. १४१० हे घर आमच्यापासून तीन मैल वर आहे. ते पोचेपर्यंत तिथले लोक निघून गेले होते, असे मला नंतर शेजारी आयव्हर लुंड यांच्याकडून कळले.

नोरीन ९.४० ला घरी आली. तिने आधी गरम पाणी आणले. मला धुवून, कपडे बदलून झाल्यावर ती वाटेवर गेली आणि मातीतून पट्ट्या वेचू लागली. दुपारी दोनपर्यंत तिला अठ्ठेचाळीसही मिळाल्या. त्या आज आम्ही सोबत आणल्या आहेत.

२ ऑक्टोबरला नोरीन या ठाण्यात आली असता, साहेब रजेवर आहेत, असे सांगितले. ३ तारखेला आली असता, अर्ज दुसऱ्या खिडकीवर मिळतो, असे सांगितले. दुसरी खिडकी बंद होती. ४ तारखेला शेरीफ कचेरीतून एक गृहस्थ मापाची पट्टी घेऊन आले व मोडलेल्या वाफ्यांची मापे घेतली. ते मला म्हणाले, "बांधायचेच असतील तर आता जरा बुटके बांधा की. लाकूड वाचेल." नोरीनने त्यांना त्यांच्या गाडीपर्यंत पोचवले. ती त्यांना काय म्हणाली ते मला ऐकू आले नाही, पण मापाची पट्टी ते विसरून गेले.

त्याच आठवड्यात शेरीफ कचेरीच्या संकेतस्थळावर माझ्या परसाचा फोटो आला. मथळा, 'टारवीड रिजवर बेकायदा लागवड उद्ध्वस्त'. फोटोत एका कोपऱ्यात माझी आडवी पडलेली खुर्ची दिसते. मी दिसत नाही. ६ तारखेला चर्चच्या पायरीवर, जिच्याशी आमचा तीस वर्षांचा घरोबा आहे अशा बाईने नोरीनला विचारले, "अगं, तुमचं सगळं कायदेशीर आहे म्हणत होतीस ना?" नोरीन त्या दिवशी आत गेली नाही.

८ तारखेला परवाना खात्याचे पत्र आले. त्यांच्या नोंदीनुसार माझ्याकडे अठ्ठेचाळीस झाडे असायला हवीत व ती नाहीत. ती बाहेर कुठे गेली, याचा लेखी पुरावा दहा दिवसांत न दिल्यास माझ्यावर चोरटी विक्री केल्याचा ठपका ठेवून परवाना रद्द होईल. मी त्या खात्यात फोन केला. तिथले गृहस्थ सौजन्याने बोलले. म्हणाले, "पोलिसांनी नेली ना? मग पोलिसांचं तसं पत्र आणा, एवढंच." मी ठाण्यात फोन केला. येथून सांगितले की तसे पत्र देता येईल, पण आधी मी संमतीच्या कागदावर सही करावी. म्हणजे माझी झाडे त्यांनी नेली एवढे त्यांनी लिहून द्यावे, यासाठी ती मीच नेऊ दिली असे मी लिहून द्यायचे.

मी नऊ तारखेपासून चार दिवस बाहेर वाफ्यांकडे गेलो नाही. ही गोष्ट येथे येऊ नये असे मला वाटत होते, पण ती शेजारी बसली आहे व लिहा म्हणते.

रविवार, १३ ऑक्टोबर रोजी सकाळी ११ वाजता आमच्या फाटकाशी एक माणूस येऊन उभा राहिला. साधे कपडे, एकटा. मी त्याला उंचीवरून ओळखले. तो म्हणाला, "माझं नाव वेंडल ग्रीर. करवत माझ्या हातात होती."

मी म्हणालो, "माहीत आहे. अंगठा आहे ना जागेवर?"

तो म्हणाला, "आहे." मग म्हणाला, "तुम्ही मला सांगायला नको होतं ते. त्या अवस्थेत. मला झोप लागत नाही."

मी म्हणालो, "तुझ्या झोपेचं औषध माझ्याकडे होतं. तुम्ही ते कापून नेलंत."

तो हसला नाही. मीही विनोद म्हणून बोललो नव्हतो. तो म्हणाला, गाडीत फळ्या आणल्या आहेत, वाफे दुरुस्त करून देतो. मी म्हणालो, "फळ्या राहू देत. तू जे पाहिलंस आणि जे केलंस, ते लिही. तारीख घाल, सही कर. मग फाटकाच्या आत ये."

तो म्हणाला, "नोकरी जाईल माझी, साहेब. दोन मुली आहेत मला."

मी म्हणालो, "जाईलही. माझं काय काय गेलं ते तू बघितलंस."

नोरीनने घरातून वही आणून दिली. त्याने ती गाडीच्या टपावर ठेवून उभ्या उभ्या लिहिले. पाऊण तास लागला. एकदा पान फाडून पुन्हा पहिल्यापासून लिहिले. ती दोन पाने या जबाबासोबत जोडली आहेत. त्यात खुर्चीतून ओढल्याचे आहे, पाठीवरचा गुडघा कोणाचा ते आहे, अठ्ठेचाळीस झाडे कोणत्या गाडीतून येथील कोठारात आली ते आहे. पिशवीबद्दल एक ओळ आहे. ती त्याने मला न विचारता लिहिली आहे. मी ती तशीच राहू दिली.

त्यानंतर तो आत आला. संध्याकाळपर्यंत दोन वाफे उभे राहिले, तीस इंचांचे. मी त्याला माफ केले असे यातून कोणी समजू नये. त्याला करवत मी लावू दिली नाही, फळ्या त्याने हातकरवतीने कापल्या.

माझी मागणी अशी की, अठ्ठेचाळीस झाडे याच ठाण्याच्या लोकांनी नेली असे पत्र आजच्या तारखेने व शिक्क्याने मिळावे. फोटो व मथळा काढून त्या जागी खरे काय ते तितक्याच मोठ्या अक्षरांत छापावे. आणि माझ्या अंगाला हात लावणाऱ्यांवर रीतसर गुन्हा नोंदवावा. भरपाईचे नंतर बघू. संमतीच्या कागदावर मी सही करणार नाही. आज नाही, १८ तारखेला नाही, परवाना गेला तरी नाही.

हा जबाब डेप्युटी मारिसोल ओचोआ यांनी लिहून घेतला. सुरुवातीला त्यांनी 'गैरसमजातून' असा शब्द दोन ठिकाणी व 'खाली उतरण्यास मदत केली' असे एका ठिकाणी लिहिले होते. ही कचेरीची भाषा आहे, अशी सवय लागते, असे त्या म्हणाल्या. मी 'गैरसमजातून' हा शब्द खोडायला लावला व 'खाली उतरण्यास मदत केली' याच्या जागी 'ओढले' असे घालायला लावले. तिन्ही ठिकाणी बाजूला माझी सही आहे. पट्ट्या त्यांनी माझ्यासमोर एकेक करून मोजल्या व कोठारातल्या नोंदवहीशी ताडून पाहिल्या. आकडा जुळला. पत्र टाइप करून, शिक्का मारून त्यांनी नोरीनच्या हातात दिले. त्यासाठी त्यांनी वर कोणाला विचारले नाही.

नंतर त्यांनी सबंध जबाब मला वाचून दाखवला. त्या हळू वाचू लागल्या तेव्हा मी त्यांना थांबवून, दार सताड उघडून मोठ्याने वाचायला सांगितले, कारण सार्जंट प्रुएट पलीकडच्या खोलीत टेबलाशी बसले होते. ओचोआ यांनी उठून दार उघडले आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा, मोठ्याने, एकही शब्द न गाळता वाचले. मी सांगितले तेच आणि तसेच त्यात आहे. मला ते नीट ऐकू आले. सार्जंटनाही आले.

सही : डेल्बर्ट रे हास्किन
समक्ष : नोरीन हास्किन