दोनदा वर केलेला ब्रेकर

ब्रेकर पडला की वर करायचा, त्यात विचार कसला, असं मीही समजत होतो. अंबरपेठेतल्या एका मोठ्या लाँड्रीत मी मेंटेनन्स बघायचो. एकदा भर दुपारी धुलाई हॉलचा ब्रेकर पडला आणि सगळी मशिनं थांबली. मी पॅनेलपाशी जाऊन दांडा वर केला. तो लगेच खाली आला, आणि हॉलमधून कण्हल्यासारखा आवाज आला. मला वाटलं, मोटर अडकली असेल. पुन्हा वर केला. पुन्हा तोच आवाज, आणि दांडा खाली.

तिसऱ्यांदा हात घातला, तेव्हा आमचे जुने इलेक्ट्रिशियन मल्लेश अण्णा यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "नक्को साब. पैले अंदर जाके देखेंगे."

आत मशिनच्या मागे आमचा ऑपरेटर हणमंतू पाण्यात बसला होता. डोळे उघडे, लोखंडी पाइपावर मूठ घट्ट. मशिनची सोललेली केबल त्याच पाण्यात पडली होती.

हणमंतू वाचला. तो बिदरकडचा, माझ्याशी मराठीतच बोलायचा. चार दिवसांनी दवाखान्यात भेटायला गेलो, तर हळूच म्हणाला, "साहेब, करंट लागला अन् सुटला. मला वाटलं, वाचलो. उठायला गेलो तर कुणीतरी परत धरलं. सोडलं, अन् परत धरलं. तिथं कोण होतं, तुम्ही बघितलं का?"

त्याची बायको माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "नाही रे, कुणी नव्हतं."