लाळेऱ्याचं वजन

— तिथे नका उभ्या राहू ताई, तिथे सकाळचं गाजर आहे. जरा इकडे या, खिडकीपाशी. हां. चपला असू द्या, फरशी मला तशीही पुसायचीच आहे, दिवसातून तीनदा पुसतो — नाही, लेक घरी नाही, ऑफिसात कागदपत्रं द्यायला गेलीय, सोमवारपासून रुजू व्हायचंय ना तिला. पण तुम्ही येणार ते सांगून गेलीय. ‘बाबा, पाळणाघराच्या बाई येतील, त्यांच्यासमोर ठकूला भरवा, आणि जास्त बोलू नका.’ भरवतो. बोलणार नाही. ही ठकू, साडेसहा महिन्यांची. त्या उंच खुर्चीत बसली की अगदी परीक्षक वाटते की नाही? आणि समोर वाटी घेऊन घाम पुसत बसलेला विद्यार्थी म्हणजे मी. सात दिवसांची मुदत होती, आज सातवा. आज माझ्या हातून नीट खाल्लं तर सोमवारपासून ती माझ्याकडे, नाहीतर तुमच्याकडे. तुमच्याकडे खाईल म्हणा. तुमच्याकडे सगळीच मुलं खातात असं ऐकलंय, हे ऐकून मला किती बरं वाटतं ते विचारू नका.

मी कोण ते लेकीनं सांगितलं असेलच. आचारी. मुलांच्या वसतिगृहाच्या भटारखान्यात छत्तीस वर्षं, दोन वेळा चारशे ताटं. वाढत्या वयाची मुलं हो, उशीर झाला तर ताटासकट मलाही खाल्लं असतं. आणि आता हे सात किलोंचं एकच गिऱ्हाईक, तोंडात एक दात नाही, आणि दोन चमचे गाजर गिळेना — हं, उघड ठकूबाई, आ — बघितलंत? जिभेनं बाहेर. कसं पद्धतशीर, एक थेंब आत राहिला तर शपथ. ही मोठेपणी कुठल्यातरी कचेरीत अर्ज नामंजूर करायला बसणार.

आता हसाल तुम्ही, पण मला थोडं शिजवताच येत नाही. हाताला सवय नाही. दोन चमचे गाजर करायला गेलो आणि झालं पातेलंभर. टाकवेना. वरच्या मजल्यावर मास्तर राहतात, त्यांची कवळी दुरुस्तीला गेली होती, त्यांना नेऊन दिलं. तीन दिवस खाल्लं बिचाऱ्यांनी, आणि वर म्हणाले, ‘काय मऊ झालंय हो.’ छत्तीस वर्षांत मला कुणी तोंडावर दिलेली ती पहिली दाद, आणि तीही दात नसलेल्यानं. तो कागद? तो दवाखान्यातून आणलेला. मीठ नाही, साखर नाही, मध तर अजिबात नाही. आचाऱ्याला मीठ नको म्हणणं म्हणजे न्हाव्याला कात्री नको म्हणणं — पण पाळतो हो. हात आपोआप डब्याकडे जायचा, म्हणून लेकीनं मिठाचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलाय, माझा हात पुरणार नाही असा. घरात लहान मूल नक्की कोण, ते बघणाऱ्याला कळायचं नाही.

तो वजनकाटा? तो असाच आहे. नाही, पिठासाठी नाही — बरं, विचारलंच आहे तर सांगतो. मी लाळेरं तोलतो. तिच्या गळ्यातलं. थांबा, आधी ऐकून घ्या, मग हसा. आमच्याकडे मुलं जेवायची भिंतीच्या पलीकडे आणि मी अलीकडे. मध्ये एक खिडकी, तिच्यातून उष्टी ताटं यायची. एका पोराचा चेहरा मला धड ओळखता यायचा नाही, पण उष्ट्याची बादली — ती मी डोळे मिटून ओळखायचो. नुसती उचलायची. हलकी लागली की दिवस चांगला गेला. जड लागली की भोपळ्यात काहीतरी बिनसलं. मग इथे बादली आणू कुठून? म्हणून लाळेरं. भरवण्याआधी एकदा काट्यावर, भरवून झाल्यावर एकदा. परवा मी तिला मोजून साठ ग्रॅम भरवलं आणि लाळेरं चौसष्ट ग्रॅमनं जड भरलं. म्हणजे माझ्या हातचं जेवून नात चार ग्रॅमनं कमी झाली. लाळ असणार, लाळ, कळतं हो मला. पण ते आकडे बघत मी तसाच उभा, एवढंसं तोंड करून, आणि नेमकी लेक आत आली. तिनं काटा बघितला, वर ठेवलेलं लाळेरं बघितलं. म्हणाली, ‘बाबा, तिच्या तोंडाकडे बघा की. लाळेऱ्याकडे काय बघताय?’ एवढंच. चिडलीसुद्धा नाही. चिडली असती तर परवडलं असतं. संध्याकाळी तुम्हाला फोन केला तिनं.

तिचं चुकलं नाही. मुदत माझी, वाटी माझी, मीच नापास. पण सोमवारी ठकू तुमच्याकडे गेली की मी दिवसभर काय करू, मास्तरांना गाजर देऊ? — आ कर गं, शहाणी ना तू — गेलं. बाहेर. खरं सांगू का, लेकीनं मला सुरुवातीलाच एक विचारलं होतं. ‘बाबा, मी पहिलं काय खाल्लं होतं?’ मी म्हटलं, बटाटा. ठणकावून. ‘मऊ बटाटा, आणि वाटी संपवून आणखी मागितलास.’ काय खुलली म्हणून सांगू. मग ठकूची सुरुवातही बटाट्यानंच केली, आईसारखी म्हणून. — मला माहीत नाही ताई. बटाटा होता, केळं होतं, की आणखी काही, काही काही माहीत नाही. मी भिंतीच्या अलीकडे होतो ना. निघायचो तेव्हा ती झोपलेली, यायचो तेव्हा झोपलेली. सगळं तिच्या आईनं केलं, आणि आता विचारायला ती नाही. चारशे पोरांच्या पोटाची काळजी, आणि घरातल्या एकीनं पहिला घास — जाऊ दे. हे तिला बोलू नका. जास्त बोलू नका म्हणाली होती, तेच खरं.

मी? नाही, मी कुठला जेवतोय एवढ्यात. आचारी शेवटी जेवतो, ओट्याशी उभ्यानं, पाठ करून, चार घासांत आटपतं. ते झाकलेलं ताट माझंच. आत्ता? तिच्यासमोर बसून? अहो, कसं दिसेल ते, तुम्ही बघताय आणि मी आपला — बरं, बरं. आणतो. तुमच्यापुढे चालायचं नाही आमचं, पाळणाघरातली मुलं का ऐकतात ते कळलं. गाजर-बटाटाच आहे, तिच्याच पातेल्यातला, अळणी. बसलो. हा घेतला घास. कुणासमोर बसून जेवायची सवयच नाही, तोंड कसलं दिसत असेल माझं, म्हशीसारखं —

बघतेय. ताई, टक लावून बघतेय. घास कुठे जातो ते बघतेय. मी चावतोय तशी हनुवटी हलवतेय, बघा. काय गं, आजोबाला हसतेस? थांब, ते माझं ताट — घे. घे बाई. मूठ भरली. कानाला लागलं, आता नाकाला — तोंडात. गेलं तोंडात. जीभ नाही आली बाहेर. गिळलं का? हो की, गळा हलला, मी बघितला, मी बघत होतो.

पुन्हा हात घातलाय. नाही, मी घेतो घास, मी घेतला की ती घेते, आता समजलं. किती खाल्लं? ते लिहायचंय तुम्हाला? नाही सांगता यायचं. तुम्ही बोललात ना, तिनं हात थांबवला, बघा. तुमच्याकडे बघत बसलीय. राग मानू नका ताई, पण तुम्ही या आता. लेकीला काय सांगायचं ते सांगा, बटाट्याचं माझं मी सांगेन. दार नुसतं ओढून घ्या, सोडायला उठत नाही. आत्ता आम्ही जेवतोय.